तुम्ही विचारले कुठे?

दसरा उलटला, की आमच्या यवतमाळात दोन हंगाम लागोपाठ सुरू होतात. एक कापसाचा, दुसरा जुन्या मोटारींचा. पहिल्याचा पैसा दुसऱ्यात जातो, एवढाच त्यांचा संबंध. रस्त्याच्या कडेला पुसून-घासून चकचकीत केलेल्या गाड्या ओळीने उभ्या दिसू लागतात आणि त्यांच्या काचांवर 'फर्स्ट ओनर', 'सिंगल हँड', 'डॉक्टरने वापरलेली' अशी बिरुदे झळकतात. आमच्या जिल्ह्यात इतके डॉक्टर केव्हा झाले आणि ते सगळेच आपापल्या गाड्या एकाच महिन्यात का विकायला काढतात, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

नवी गाडी घेणारा माणूस देवळात जाऊन नारळ फोडतो. जुनी घेणारा दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे येतो. घेण्याआधी सल्ला विचारायला कोणी वकिलाकडे जात नाही. आणि जाऊ नये असेही लोकांचे मत दिसते. तर तो येतो, खुर्चीवर बसतो, कागदांची पिशवी मांडीवर घेतो आणि म्हणतो, "वकीलसाहेब, त्याने सांगितलंच नाही!" मग मी विकणाऱ्याला पत्र पाठवतो. तोही येतो, त्याच खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, "साहेब, त्यांनी विचारलं कुठे?"

चाळीस वर्षांत ही दोन वाक्ये मी किती वेळा ऐकली असतील, त्याची गणती नाही. पण गंमत अशी, की दोघेही आपापल्या जागी कायदाच बोलत असतात.

आपल्याकडे करारांचा जो कायदा आहे तो १८७२ सालचा. इंग्रज गेले, संस्थाने गेली, आण्या-पैचा हिशेब गेला. तो कायदा आहे तिथेच आहे, आणि त्याच्या सतराव्या कलमात एक घोडा बांधलेला आहे. घोडा दुखणाईत आहे. मालक तो लिलावात विकायला काढतो. घोड्यात खोट आहे हे मालकाला पक्के ठाऊक आहे, पण तो तोंडातून ब्र काढत नाही. ही फसवणूक झाली काय? कायदा म्हणतो, नाही झाली. नुसते गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे.

एवढेच वाचून थांबले तर वाटेल, की हा कायदा कोण्या घोडेवाल्यानेच लिहिला असावा. पण पुढे तोच घोडा पुन्हा येतो. मालक तोच, घेणारी मात्र त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी. आता मात्र बापाला गप्प बसता येत नाही. नातेच असे आहे, की सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि मग तिसऱ्यांदा तोच घोडा. या वेळी घेणारा मालकाला बजावतो, की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असे मी धरून चालेन. मालक गप्पच. कायदा म्हणतो, आता हे गप्प बसणे म्हणजे बोलणेच झाले. आणि ते खोटे बोलणे आहे.

आमच्या आजोबांनी हा कायदा वाचलेला नव्हता, पण पाळलेला होता. पोळ्याच्या आधी ते बैलबाजारात जात तेव्हा आधी दात पाहत, खूर पाहत, शेपटीला हात घालत, आणि एवढे झाल्यावर चारचौघांदेखत मोठ्या आवाजात विचारत, "मारका हाये का? बसका हाये का? जू टाकते का?" उत्तरही चारचौघांदेखतच द्यावे लागे. खोटे बोललेला माणूस पुढच्या बाजारात त्याच झाडाखाली सापडायचा. रुमालाखाली बोटे दाबून ठरे तो भाव. बैलाची खोड मात्र रुमालाबाहेर, उघड्यावर विचारली जाई. हा भेद त्या बाजाराला कळत होता.

मोटारीच्या बाजारात ते झाड नाही. विकणारा नागपूरचा, गाडी चंद्रपूरची, व्यवहार फोनवरचा, आणि पैसे हातात पडले की फोन बंद. शिवाय बैलाचे वय दातांवरून कळते, मोटारीचे चाललेले किलोमीटर मात्र आता संगणक जोडून पाव तासात मागे नेता येतात. मीटर पन्नास हजार सांगतो आणि ब्रेकच्या पायडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेले असते. माझ्या मते मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवावा.

एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने या बाजारावर एक निबंध लिहिला आणि त्याचा डंका जगभर वाजला. जॉर्ज अकरलॉफ हे त्याचे नाव. निबंध १९७० चा. अमेरिकेत खोटीच्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात. (आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतो, त्यांच्याकडे गाडीच लिंबू निघते.) अकरलॉफचे म्हणणे थोडक्यात असे, की गाडीतले खरे-खोटे विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना भीतभीत कमी भाव देतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्या भावात कशाला विकू? तो गाडी घरीच ठेवतो. बाजारात उरतात ती लिंबे. म्हणजे एकाने खोट लपवली, की नुकसान फक्त त्याच्या गिऱ्हाइकाचे होत नाही. गावातल्या प्रत्येक प्रामाणिक विकणाऱ्याचे होते. हा निबंध आधी तीन मासिकांनी साभार परत केला होता, आणि २००१ साली त्याच कामाबद्दल अकरलॉफला अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परत आलेल्या हस्तलिखितांची थप्पी घरी बाळगणाऱ्या आमच्या लेखक मित्रांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

असो. तर घोड्याचा कायदा सगळ्यांना सारखा लागू होतो काय? नाही. इथे पहिली गोष्ट पाहायची ती ही, की विकणारा कोण आहे. शेजारच्या जोशीकाकांनी आपली वापरलेली गाडी विकली, तर ते काही व्यापारी नव्हेत. त्यांच्याविरुद्ध ग्राहक आयोगात सहसा जाता येत नाही. तिथे १८७२ चा घोडा आणि दिवाणी न्यायालय. पण गाड्या घेणे आणि विकणे हाच ज्याचा धंदा आहे, त्याला ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो, मग त्याचे दुकान काचेचे असो नाहीतर चहाच्या टपरीवरचा एक बाक असो. आधीचा कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून अंमलात आला. वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे असे तो म्हणतो. जुना माल नवा म्हणून खपवणे ही अनुचित व्यापारी प्रथा, आणि सेवा देणाऱ्याने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतली त्रुटी, असेही त्यात लिहून ठेवले आहे.

नव्या गाडीच्या नावाखाली जुनी गळ्यात मारण्याचा एक खटला गोव्यातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ग्राहकाने पैसे मोजले २०११ च्या नव्या गाडीचे. विक्रेत्याने पुढे केली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर धावलेली. ग्राहकाने ती घ्यायला नकार दिला आणि तो लढला. ग्राहक न्यायमंचांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्स या उत्पादक कंपनीला त्यातून मोकळे केले. कारण विक्रेता आणि कंपनी यांचा व्यवहार स्वतंत्र होता आणि विक्रेत्याने केलेले कंपनीला ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही. विक्रेत्याची जबाबदारी मात्र कायम राहिली. यातून आपण घ्यायचे ते एवढेच, की पाटीवरचे नाव कितीही मोठे असले तरी जाब विचारायचा तो पावती देणाऱ्याला.

आता आमच्या गुरुजींची हकीकत सांगतो. त्यांचे नाव सांगत नाही, कारण त्यांनीच ती अट घातली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि यवतमाळला स्थायिक झाले. पत्नीचे दुखणे मूत्रपिंडाचे. महिन्यातून दोनदा सेवाग्रामला जावे लागे. कळंब, देवळी करीत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. एस.टी.ने जाणे काकूंना झेपेना आणि दर वेळी भाड्याची गाडी पेन्शनला झेपेना. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी एका एजंटाकडून पांढरी चारचाकी घेतली. नोंदणी नागपूरची, एमएच-३१. किंमत तीन लाख चाळीस हजार. एजंट म्हणाला, "गुरुजी, डोये मिटून घ्या. गाडी मक्खन हाये."

गुरुजींनी डोळे मिटले नाहीत. दिवसाउजेडी गाडी पाहिली, चालवून पाहिली, एका ओळखीच्याला दाखवली. शिवाय त्यांनी एक गोष्ट केली, जी माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत दुसऱ्या कोणी केलेली मला आठवत नाही. पैसे देण्याच्या आदल्या रात्री सुनेला समोर बसवले आणि तिच्या मोबाइलवरून एजंटाला व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवायला लावला. तीस वर्षे शिक्षणाधिकाऱ्यांना पत्रे लिहिलेला माणूस, भाषा तशीच. 'सदर वाहनाचा अपघात झाला आहे काय, सदर वाहन पाण्यात बुडाले होते काय, सदर वाहनावर कर्ज अथवा दंड बाकी आहे काय, हे कळवावे. न कळवल्यास तसे काही नाही असे आम्ही समजू.' घरातली पोरे हसली. एजंटाकडून उत्तर आले ते शब्दांत नव्हते. एक उभा अंगठा आणि जोडलेले दोन हात.

चार महिने गाडी बरी चालली. पावसाळ्यात एका संध्याकाळी सेवाग्रामहून परतताना देवळीच्या अलीकडे दिवे गेले, मग इंजिन गेले, मग काचाही खाली होईनात. काकू मागच्या सीटवर आडव्या झालेल्या, बाहेर पाऊस, आत हवा नाही. एका ट्रकवाल्याने थांबून दार उघडायला मदत केली आणि दोघांना देवळीपर्यंत पोचवले. त्या माणसाचे नावही विचारायचे राहिले, ही खंत गुरुजी अजून बोलून दाखवतात.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून यवतमाळला आणली. मिस्त्रीने पुढचा गालिचा उचलला, सीटखालच्या रुळांवरून बोट फिरवले, मागची स्टेपनी काढली. स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेल्या गाळाचा पापुद्रा होता. सीटचा पट्टा त्याने शेवटपर्यंत बाहेर ओढला, तर टोकाकडच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची पिवळी रेघ. "गुरुजी," तो म्हणाला, "हे गाडी पोहलेली हाये."

वाचकांना आठवत असेल, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. घराखाली उभ्या केलेल्या गाड्या बुडाल्या. त्याच वर्षी जुलैत आमच्या जिल्ह्यातही अतिवृष्टीने हाहाकार उडाला होता. मुंबईकरांना २६ जुलै २००५ विसरता येत नाही. पूर ओसरला की घरे धुतली जातात, धान्य फेकले जाते. गाड्या मात्र पुसून, अत्तर मारून, दुसऱ्या जिल्ह्यात जातात. बुडालेली गाडी विकणे हा गुन्हा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. ती दुरुस्तही होऊ शकते. पण तारांच्या जोडांत शिरलेले पाणी महिनोन्महिने गंज खात राहते आणि एक दिवस दगा देते. म्हणून ती बुडालेली आहे हे सांगणे, आणि त्या भावाने विकणे, एवढाच प्रश्न असतो.

मी कागद मागवले. पहिली गोष्ट दिसली ती अशी, की गाडी अजून गुरुजींच्या नावावर चढलेलीच नव्हती. एजंट चार महिने 'आज करतो, उद्या करतो' म्हणत होता. नोंदणी नागपूरच्या एका गृहस्थाच्या नावावर. त्यांचा पत्ता काढून त्यांना फोन केला. अत्यंत सज्जन माणूस. म्हणाले, "माझी गाडी पुरात बुडाली. विमा कंपनीने भरपाई दिली, मोडीची किंमत वजा केली आणि गाडी माझ्याकडेच ठेवली. मी ती एजंटाला मोडीच्या भावात विकली, आणि बुडालेली आहे हे त्याला स्पष्ट सांगितलं." सर्वेक्षकाचा अहवालही त्यांनी पाठवून दिला. म्हणजे पहिल्याने सांगितले होते, शेवटच्याने विचारले होते. मधला तेवढा गप्प होता.

मी त्यांना विचारले, "आपण सह्या कशावर केल्यात?" ते म्हणाले, "त्याने दोन-तीन कोरे अर्ज दिले होते, त्यांवर." गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे आणि यवतमाळ-वर्धा रस्त्यावर धावते आहे, हे ऐकून त्यांचा आवाज बसला.

बसणारच. विकणाऱ्या मंडळींना वाटते, पैसे मिळाले की आपण सुटलो. मोटार वाहन कायद्यात 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर नोंद तो. २००७ साली एकाने गाडी विकली, ती पुढे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ साली तिच्याखाली एकाचा जीव गेला. उच्च न्यायालयाने भरपाईचा भार शेवटच्या घेणाऱ्यावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी तो पुन्हा नोंदीवरच्या मालकावर टाकला. अपघातात ज्याचे माणूस गेले त्याने मालकांची साखळी कुठवर शोधीत जावे, असा त्यामागचा विचार, आणि तो मला योग्य वाटतो. म्हणून विकणाऱ्याने कोऱ्या अर्जावर सही करूच नये. एकोणतीस नंबरचा अर्ज ही विक्रीची खबर. ती त्याच राज्यातल्या व्यवहारात चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. घेणाऱ्याचा अर्ज तीस नंबरचा, मुदत तीस दिवसांची. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा पस्तीस नंबरचा. गाडी परराज्यातली असेल, जशी पांढरकवड्याच्या बाजूला आदिलाबादहून येते, तर तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी हातात, मग पैसे.

मधल्या एजंटांचा हा घोळ सरकारलाही दिसला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र घेण्याची तरतूद आली. गाडी त्याच्या ताब्यात आली की तशी ऑनलाइन खबर द्यायची, आणि मग ती विकली जाईपर्यंत मालक म्हणून जबाबदार तोच. ते प्राधिकारपत्र दाखवा, असे आपल्या गावातल्या एजंटाला विचारून पाहा. त्याच्या चेहऱ्यावरून बरेच काही कळेल.

विम्याचेही लोकांना नीट माहीत नसते. गाडी विकली की तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्याने गाडीबरोबर जातो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून तो आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. आणखी एक खुबी सांगतो. जुन्या मालकाच्या विमापत्रावर 'नो क्लेम बोनस' किती टक्के आहे ते पाहावे. गाडी आठ वर्षांची आणि बोनस शून्य, तर गेल्या वर्षी कशाची भरपाई घेतली ते विचारायलाच हवे. गुरुजींच्या गाडीचे जुने विमापत्र एजंटाने दाखवलेच नव्हते; त्याने मूळ मालकाच्या नावावर तिऱ्हाइताचा नवा विमा उतरवून तेवढाच पुढे केला होता.

नोटीस गेली. एजंट आपला वकील घेऊन आला. तो तरुण होता आणि हुशार होता. त्याने विक्रीच्या कागदावर बोट ठेवले. त्यावर छापलेले होते, की गाडी पाहून, चालवून, पसंत करून घेतली आहे, पुढे कोणतीही तक्रार चालणार नाही. मी म्हटले, पाहून जे दिसायला हवे होते त्याबद्दल हे वाक्य खरे. गालिच्याखालचा गाळ पाहायला गुरुजींनी रस्त्यावर गाडी उसवायची होती काय? करारकायद्याच्या एकोणिसाव्या कलमातला अपवादही एवढेच सांगतो, की साधी काळजी घेऊन जे कळले असते ते न पाहिल्याची तक्रार मागाहून करता येत नाही. शिवाय फसवणुकीवर छापील ओळीचा पडदा टाकता येत नाही.

मग तो अंगठ्यावर आला. म्हणाला, "अंगठा म्हणजे 'मजकूर मिळाला', एवढंच. आमच्या अशिलाने काहीच खोटं सांगितलेलं नाही." मी म्हटले, अंगठा बाजूला ठेवू. जोडलेले हातही ठेवू. उत्तर आलेच नाही असे समजा. मग उरतो गुरुजींचा मजकूर, 'न कळवल्यास तसे काही नाही असे समजू', आणि त्यापुढची तुमची शांतता. आता घोड्याचे तिसरे उदाहरण काढा. त्याने पुस्तक उघडले नाही. त्यालाही ते पाठ होते. आपल्या अशिलाकडे त्याने असे पाहिले, की एजंटाने पहिल्यांदाच टोपी काढली.

त्याला मी आणखीही एक गोष्ट सांगितली. पूर्वी ज्याला आपण चारशेवीस म्हणायचो, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तीनशे अठरा झाले आहे. लोकांच्या तोंडचे चारशेवीस काही जायचे नाही. आकडा बदलला, पण अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपवणे हीही फसवणूकच, हे स्पष्टीकरण तसेच आहे. शिवाय ग्राहक आयोगाचे दार यवतमाळातच आहे. गाडी नागपूरची असली तरी ग्राहक जिथे राहतो तिथे त्याला तक्रार करता येते. व्यवहार पाच लाखांच्या आतला असला तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. वकील लावण्याची सक्तीही नाही. हे शेवटचे वाक्य आमच्या धंद्यातले लोक जरा हळू आवाजात उच्चारतात.

आठ दिवसांनी तडजोडीचा निरोप आला. एजंटाने दोन वाटा ठेवल्या. गाडी परत द्या आणि तीन लाख चाळीस हजार पुरते घ्या. किंवा गाडी ठेवा, दीड लाख घ्या आणि नाव चढवून घ्या. मी गुरुजींना म्हटले, यात विचार करण्यासारखे काही नाही. पुरते पैसे घ्या आणि मोकळे व्हा. वकील म्हणून आजही कोणालाही मी हाच सल्ला देईन.

गुरुजींनी मान हलवली. कागद पुढे ओढला. काकू शेजारी बसल्या होत्या; त्या दिवशी सेवाग्रामची पाळी नव्हती म्हणून सोबत आल्या होत्या. त्यांनी विचारले, "गाडी परत केल्यावर तो तिचं काय करेल?"

मी म्हटले, "काय करणार? पुन्हा पुसेल आणि विकेल."

"कोणाला?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. एजंटाने यापुढे खरे सांगूनच विकावी अशी अट लिहून घेता आली असती. पण ती पाळली की नाही हे पाहायला पुसदला आणि उमरखेडला कोण जाणार? काकू एवढेच म्हणाल्या, की त्या रात्री काच खाली होत नव्हती तेव्हा मला वाटलं होतं आता संपलं. मागच्या सीटवर कोणाचं तरी लेकरू असतं तर? गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "दीड लाखवाला कागद करा."

मी हिशेब मांडून दाखवला. दीड लाख आले तरी जवळजवळ दोन लाखांची गाडी पदरात राहते आणि ती तेवढ्याला जाणार नाही. आयुष्यभर ज्याने पोरांना वजाबाकी शिकवली त्याला मी वजाबाकी शिकवीत होतो. त्यांनी सही केली. पंधरा दिवसांत गाडी नावावर चढली आणि नागपूरचे गृहस्थ एकदाचे सुटले. त्यांनी मला आभाराचे पत्र लिहिले आणि सोबत संत्र्यांची पेटी पाठवली.

सेवाग्रामच्या वाऱ्या आता भाड्याच्या गाडीने होतात. मुलगा अर्धे पैसे पाठवतो. पांढरी गाडी सहा महिने दारात उभी राहिली. विचारायला माणसे येत. गुरुजी फाटकातच सांगत, "ही पाण्यात बुडालेली आहे," आणि माणसे आल्या पावली परत जात. एकजण तर म्हणाला, की गुरुजी, तुम्हाला गाडी विकायची आहे की नाही ते आधी ठरवा. शेवटी घेतली ती मिस्त्रीनेच, नव्वद हजारांना. सगळ्या तारा नव्याने टाकून स्वतःच वापरीन म्हणाला.

व्यवहार माझ्या कचेरीत झाला. एकोणतीस आणि तीस नंबरचे अर्ज भरून तयार होते, एकही जागा कोरी नव्हती. गुरुजींनी विक्रीचा कागद मात्र स्वतःच्या वळणदार अक्षरात घरूनच लिहून आणला होता. 'सदर वाहन सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे पुराच्या पाण्यात बुडालेले असून, त्याची पूर्ण कल्पना घेणारास देण्यात आली आहे.' मिस्त्रीने ते वाचले आणि तो हसू लागला.

"गुरुजी, मले काय सांगता? गाय त म्याच काढला तिच्यातून."

"ते खरं," गुरुजी म्हणाले. "पण खाली सही करा. आणि हा कागद आरसीबरोबर ठेवा. पुढे कोणाला विकलीत तर त्याला द्या."

मिस्त्रीने हात पँटला पुसले आणि पेन मागितले.